गोळ्या त्यांनी खायच्या, ठरवायचं मात्र बाकीच्यांनी?

कृष्णाकाठची (सांगली)

परवाच्या आरोग्य बजेटच्या धाग्यावर पांढरा_कोट यांनी जाता जाता एक पिंक टाकली होती. परदेशात म्हणे मनोरुग्णांना सरकारी उपचाराचे पैसे कशावर खर्च करायचे ते स्वतः ठरवू देतात, आपल्याकडं असलं काही आणलं तर माकडाच्या हातात कोलीत. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. मी दोन दिवस गप्प बसले, पण ते माकड माझ्या घरात राहतं, म्हणून हा वेगळा धागा.

माझा धाकटा भाऊ. स्किझोफ्रेनियाला, म्हणजे त्या भास-संशयाच्या आजाराला, चौदा वर्षं झाली. दर महिन्याला पहाटे उठून डबा बांधून सरकारी दवाखाना गाठायचा, केसपेपरची लाइन, मग ओपीडीची लाइन, मग औषधाची लाइन. डॉक्टर मान वर न करता मला विचारतात, जेवतो का, झोपतो का, त्रास देतो का. आणि हा माझ्या शेजारीच उभा. एकदा म्हणाला, "मी हितंच हाय की ओ." तर डॉक्टरांनी मलाच विचारलं, "घरी पण असा उलट बोलतो का?"

त्याला मधे एका डेअरीवर पहाटे साडेचारला कॅन उतरवायचं काम लागलं होतं. रात्री नवाला गोळी घेतली की सकाळी आठपर्यंत डोळा उघडायचा नाही. त्यानं काय केलं, गोळीच बंद केली. दोन महिन्यात परत ॲडमिट, काम गेलं ते गेलंच. नंतर एक बदलीवर आलेली मुलगी होती, डॉक्टरच, नवी, तिनं त्याला पहिल्यांदा विचारलं की का बंद केलीस रे. मग संध्याकाळी साडेसहाला गोळी घे म्हणाली. झालं, एवढाच प्रश्न होता. चौदा वर्षांत सरकारचा, आमचा, सगळ्यांचा मिळून किती पैसा त्याच्यावर गेला असेल, त्यातला एक रुपया कुठं जावा हे त्याला कुणी विचारलं नाही.

आणि बाहेर नोटांचं बंडल हातावर ठेवत नाहीत हो. अमेरिकेत फ्लोरिडात २००२ पासून हे चालू आहे. आधी पेशंटनं स्वतः ठरवायचं की मला काय गाठायचंय, नोकरी का शिक्षण का वजन कमी करणं, मग त्यासाठी काय लागेल त्याचा हिशोब मांडायचा, सोबत एक माणूस असतो, मंजुरी असते, मग खर्च. टेक्सासात डॅलसच्या बाजूला २१६ जणांवर दोन वर्षं रीतसर चाचणी केली, चिठ्ठ्या टाकून दोन गट. ज्यांना स्वतः ठरवू दिलं ते जास्त बरे राहिले आणि सरकारचा खर्च वाढला नाही. २०१९ ला छापून आलंय. इंग्लंडमध्ये तर सक्तीनं ॲडमिट होऊन बाहेर आलेल्यांना २०१९ पासून असं बजेट मागायचा कायद्यानं हक्क आहे. म्हणजे सगळ्यात "हाताबाहेरचे" म्हणतात त्यांनाच. आता हसा.

पांढरा_कोट (कराड)

ताई, "माकड" हा शब्द चुकला. मागं घेतो. म्हणीतला होता पण चुकला. बाकी एक अक्षर मागं घेत नाही.

तुमचा भाऊ आज गोळी घेतोय म्हणून तुम्हाला हे सुचतंय. मी रोज ज्यांना बघतो त्यातल्या निम्म्यांना आपल्याला आजार आहे हेच मान्य नसतं, तो आजाराचाच भाग आहे, हट्ट नाही. त्याला विचारा बजेट कशावर खर्च करू, तो म्हणेल शेजाऱ्यानं भिंतीत बसवलेलं मशीन काढायला गवंडी द्या. देणार? उद्या दुसरा म्हणेल गोळ्या नकोत, मला म्हैस पाहिजे. देणार?

टेक्सास सांगितलं, आता नेदरलँड्स पण सांगा की. तिथं नव्वदच्या दशकापासून लोकांना असं स्वतःचं बजेट होतं, मधल्या एजन्स्यांनी पैसे हाणले, शेवटी २०१५ पासून पैसे थेट खात्यात द्यायचं बंद करून सरकारी विमा संस्थेमार्फत बिलं भागवायची वेळ आली. तो देश नेदरलँड्स आहे. आपल्याकडं लाख लोकांमागं एक मानसोपचारतज्ज्ञ सुद्धा येत नाही. मान वर न करता बोलतो कारण बाहेर अजून साठ जण बसलेत. तुम्हाला राग डॉक्टरचा आहे आणि धागा बजेटचा काढलाय.

थोरला_भाऊ (वाई)

डॉक्टर बरोबर बोलले. ताई तुमचा भाऊ गरीब स्वभावाचा दिसतोय. माझा नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात तीन दिवस झोपला नव्हता. आम्हाला वाटलं यात्रेचा उत्साह. चौथ्या दिवशी साताऱ्याहून फोन, तुमचे बंधू स्टँडवर वीस किलो कंदी पेढे वाटतायत, येतील त्या एसटीत चढून, कंडक्टरला पण. तोपर्यंत बोअरवाल्याला ॲडव्हान्स दिला होता, ट्रॅक्टरचं बुकिंग केलं होतं, आणि एका ओळखीच्याला "राहू दे रे" म्हणून चाळीस हजार दिले होते, ते त्यानं राहूच दिले, अजून देतोय. बोअरवाला भला माणूस, अर्धे परत केले. आईच्या पाटल्या गेल्या त्यात. आणि तुम्ही म्हणताय सरकारनं अजून पैसे द्यावेत आणि त्यालाच ठरवू द्यावं. टेक्सासात पेढे मिळत नाहीत म्हणून बरे राहिले असतील.

लोकांना रोमॅंटिक वाटतं हे सगळं. निस्तरायला घरचे.

गोठा_नंबर_१ (तासगाव)

डॉक्टरसाहेब, म्हशीला नावं ठेवू नका. आमच्या मेव्हण्याला म्हशीनंच वर काढलाय. डिप्रेशन का काय ते, दोन वर्षं खोलीच्या बाहेर येत नव्हता, द्राक्षबाग गेली अवकाळीत, त्यानंतर. सासऱ्यानं एक पंढरपुरी म्हैस आणून दारात बांधली आणि सांगितलं की ही तुझी, आम्ही हात लावणार नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओरडत होती. सगळे घरात बसून ऐकत होते, कुणी उठलं नाही. सातला हा उठला. तेव्हापासून रोज उठतोय. गोळ्या पण चालूच आहेत, नाही म्हणत नाही.

दुष्काळी (खटाव)

लाखभर रुपयाची म्हैस उपचार म्हणून? आणि भाकड गेल्यावर? त्यापेक्षा चार उस्मानाबादी शेळ्या घ्या, झाडपाल्यावर जगतात, नड आली तर एक विकता येते. म्हशीला पेंड, सुका चारा, ओला चारा, कडब्याचा दर बघितला का यंदाचा.

गोठा_नंबर_१

शेळीला सकाळी चारला उठावं लागत नाही, तोच तर मुद्दा आहे. आणि शेळी पीक खाते, मग भांडणं, मग त्याला परत डिप्रेशन.

दुष्काळी

जतकडची माडग्याळ मेंढी बघा मग. एकेका मेंढ्याची किंमत ऐकून डॉक्टरलाच गोळी लागेल.

हळदीचं_पोतं (सांगली)

दुधाला दर काय मिळतो ते आधी बोला. फॅट लावताना मशीन कोण बघतं? आमच्याकडं सकाळी एक फॅट, संध्याकाळी एक, म्हैस तीच, वैरण तीच. विचारलं तर म्हणतात तुमचीच म्हैस पाणी जास्त पिती. पशुखाद्याचं पोतं दर वर्षी वर, दूध तिथंच. मनोरुग्णाला म्हैस देऊन बरा करायचा आणि दूध घालायला लावून परत मनोरुग्ण करायचा, अशी योजना दिसते.

पांढरा_कोट

बघा. मी म्हैस उपहासानं म्हटलं होतं आणि इथं गोठा बांधून तयार.

कृष्णाकाठची

डॉक्टर, तुम्हीच बांधलाय तो. आणि उपहास वगैरे ठीक, पण तासगावकरांनी सांगितलं तेच मी सांगतेय. फ्लोरिडा टेक्सासवाल्या लोकांनी तेच केलं, कुणी सायकल घेतली, कुणी क्लासची फी भरली, कुणी दात बसवून घेतले. गोळीला पर्याय म्हणून नाही. गोळी कशासाठी खायची त्याचं काहीतरी कारण म्हणून. तुमच्या गवंडीवाल्या पेशंटला गवंडी देणार नाहीत, तिथं मंजुरी असते असं मी वरच लिहिलंय, वाचलं नाही का मान वर न करता?

आणि दादा, तुमच्या आईच्या पाटल्यांचं वाईट वाटलं, खरंच. पण ते पैसे सरकारी योजनेतले नव्हते, घरचे होते. योजनेत पेढ्यांचं बिल पासच झालं नसतं.

थोरला_भाऊ

बिल पास करणारा कोण असणार, तलाठी? त्याचा दर वेगळा.

पेन्शनर_सिस्टर (मिरज)

मी सरकारी नोकरीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ मानसिक आजाराच्या वॉर्डात, कुठल्या गावी ते सोडा. तुम्ही सगळे जे बजेट वाटून घेताय ते आधी आहे कुठं ते दाखवा. महिन्याच्या वीस तारखेनंतर औषधाच्या खिडकीवर "बाहेरून घ्या" अशी चिठ्ठी मी स्वतः माझ्या हातानं लिहून दिलीय. पंधरा दिवसांच्या इंजेक्शनवर असलेला माणूस, इंजेक्शन नाही म्हणून परत पाठवायचा, मग तीन आठवड्यांनी त्याला चार जणांनी धरून आणायचा. तेव्हा कोण म्हणत नाही पैसा वाया गेला म्हणून.

दुसरं, सांगली साताऱ्याकडचा माणूस जास्त बिघडला की येरवडा नाहीतर रत्नागिरी. अख्ख्या महाराष्ट्रात अशी चार मोठी सरकारी मनोरुग्णालयं, पुणे ठाणे नागपूर रत्नागिरी. आंबा घाटातून पेशंट नेलाय का कुणी कधी? मी नेलाय. मागं बसून त्याचा हात धरून, आणि त्याला सांगितलेलं असतं की आपण गणपतीपुळ्याला चाललोय. खोटं सांगून नेलेल्या माणसानं पुढं आपल्यावर विश्वास ठेवून गोळी खायची.

तिसरं, संजय गांधी निराधारचे महिन्याला हजार होते, २०२३ ला पंधराशे झाले. त्याच्यासाठी दाखला, दाखल्यासाठी हेलपाटे, आणि प्रत्येक हेलपाट्याला एक "मी करून देतो" म्हणणारा. नेदरलँड्सचे एजंट आम्हाला नवीन नाहीत डॉक्टर, आमच्या इथं ते चहाच्या गाड्यावरच बसतात. तरी त्या पंधराशेतून मी बायका बघितल्यात ज्यांनी चष्मा केला, मोबाईल रिचार्ज मारून बहिणीशी बोलल्या. त्यांना कुणी काय घ्यायचं ते शिकवलं नव्हतं.

अंनिसवाला (सातारा)

मला वेगळीच भीती आहे. पैसा हातात दिला की तो देवऋष्याकडं जाणार. दाभोलकरांच्या साताऱ्यात राहतो म्हणून सांगतो, २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी आजही शिकलेली माणसं आधी लिंबू उतरवतात मग डॉक्टर. एरवाडी विसरलात का, तमिळनाडूतलं दर्ग्याचं गाव, जिथं मनोरुग्णांना बरं व्हायला म्हणून न्यायचे, ऑगस्ट २००१? साखळीनं बांधलेले २८ जण आगीत जळून मेले. ते सगळे "आपल्या पसंतीच्या उपचाराला" गेले होते. निवडीचं स्वातंत्र्य म्हणून देवऋष्याचं बिल सरकारनं भरायचं का?

मीच_तो

लॉगिन करून फक्त वाचणारा माणूस आहे, पहिल्यांदाच लिहितोय.

एरवाडीत त्यांना साखळीनं बांधलं होतं ओ. पसंती त्यांची असती तर साखळी कशाला लागली असती? नेलं घरच्यांनी, ठरवलं घरच्यांनी, पैसे भरले घरच्यांनी. ते उदाहरण तुमच्या बाजूचं नाहीच, माझ्या बाजूचं आहे. मला पण नेलं होतं एका ठिकाणी, नाव घेत नाही, अकरा अमावस्या. मी तेव्हा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझी पसंती विचारली असती तर मी परीक्षेला बसलो असतो.

बायपोलर आहे, म्हणजे मन कधी उधळतं, कधी पार खाली बसतं, वाईच्या दादांच्या भावाला आहे तोच आजार बहुतेक. बारा वर्षं लिथियमच्या गोळीवर. पेढे नाही पण मी एकदा एका रात्रीत सत्तावन्न शर्ट मागवले होते. सगळे एकाच मापाचे, माझ्या मापाचे नव्हते.

डॉक्टर, तुम्हाला माहीत असणारच, २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, २०१८ च्या मे पासून लागू. त्यात लिहिलंय की एखाद्याचा निर्णय दुसऱ्यांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं धरायचं नाही. आणि बरं असताना लिहून ठेवता येतं की पुढं बिघडलो तर माझ्यावर कसे उपचार करा, कसे करू नका, माझ्या वतीनं कोण बोलणार. बजेट नसलं तरी हे आहे. किती जणांनी लिहून घेतलंय तुमच्याकडं?

मी लिहिलंय. वहीचं एक पान आहे. सलग दोन रात्री चार तासांपेक्षा कमी झोपलो की एटीएम कार्ड आणि गाडीची किल्ली बायकोकडं, मी मागितली तरी द्यायची नाही, मी चिडलो तरी नाही. अमुक औषधानं माझी जीभ जड होते, ते नको, दुसरं चालेल. ॲडमिट करायचं तर वडिलांना फोन करू नका, बायकोला करा. या पानानं तीन वर्षांत दोनदा काम केलंय. दुसऱ्यांदा मी तिच्याकडं किल्लीसाठी दीड तास भांडलो, तिनं पान समोर धरलं, खाली सही माझीच. स्वतःच्या सहीशी भांडता येत नाही.

म्हणजे माझ्या हातातनं पैसा काढून घ्यायचं पण मीच ठरवलंय.

अंनिसवाला

साखळीचा मुद्दा मान्य. देवऋष्याच्या बिलाचा नाही.

पांढरा_कोट

कायदा माहीत आहे. त्यात हे पण आहे की आणीबाणीच्या उपचाराला तो कागद लागू होत नाही आणि डॉक्टर किंवा घरचे त्या कायद्यातल्या मानसिक आरोग्य मंडळाकडं जाऊन तो बदलून मागू शकतात. ते पण सांगा. आणि असा कागद माझ्याकडं किती जण घेऊन आले, तर आजपर्यंत शून्य. मी किती जणांना सुचवलं, तर... बरं, तेही शून्यच धरा. साठ पेशंटमध्ये वेळ कुठला.

कृष्णाकाठची

त्याच कायद्यात हे पण आहे डॉक्टर, की जिल्ह्यात सरकारी किमान सेवा मिळत नसेल तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडं उपचार घ्यायचा आणि खर्च सरकारनं सोसायचा. म्हणजे पैसा पेशंटच्या मागं जायची वाट कायद्यात आधीच पाडून ठेवलीय, चालून कोण गेलंय दाखवा.

हळदीचं_पोतं

वाट कागदावर असती हो ताई, फॅटच्या मशीनवर पण प्रमाणित असा शिक्का असतो.

थोरला_भाऊ

मीच_तो, तुमचं वाचलं. सगळेच एमएस्सी झालेले नसतात. माझा भाऊ नववी. आणि बायको असती तर गोष्ट वेगळी, त्याची सोडून गेली त्या पेढ्यांनंतर. किल्ली माझ्याकडंच राहणार आणि शिव्या पण मीच खाणार.

मीच_तो

नववीला सही येते की दादा.

थोरला_भाऊ

हो बाबा, येते. तुम्ही जिंकलात, पेढे वाटा.

पेन्शनर_सिस्टर

दादा, भांडू नका. त्याला विचारून तर बघा. मी वॉर्डात असताना एकाला सहज विचारलं होतं, तुला इथं काय नको वाटतं? म्हणाला, संध्याकाळी सहाला जेवण. रात्री भूक लागते, भुकेनं झोप येत नाही, झोप नाही म्हणून तुम्ही गोळी वाढवता. ताट आठला द्यायला एक पैसा लागत नव्हता. तरी मला ते करायला चार महिने लागले, स्वयंपाकघरवाले ऐकेनात.

दुष्काळी

सहाला जेवण म्हणजे आमच्याकडं कुक्कुटपालनात पण देत नाहीत.

थोरला_भाऊ

काल रात्री विचारलं. सिस्टरच्या शब्दाला मान म्हणून, बाकी कुणाच्या नाही.

ओट्यावर बसला होता, शेंगा फोडत. म्हटलं परत तसं झालं तर काय करू सांग, कागदावर घेतो. बराच वेळ काय बोलला नाही. शेंगा संपल्या मग म्हणाला, किल्ली घे, कार्ड घे, पण दवाखान्यात नेताना गल्लीतल्या पोरांना बोलवू नको. गाडीत तू बस. पोरं नंतर चौकात माझी नक्कल करतात.

मागच्या वेळी पाच पोरं मीच बोलावली होती. मला नक्कल माहीत नव्हती.

लिहून घेतलंय. सही पण घेतली. पैशाबद्दल माझं मत होतं तेच आहे, कुणी नाचू नये. आणि त्याला विचारलं की सरकारनं पैसे दिलेच तर काय घेशील, तर म्हणाला आधी आईच्या पाटल्या. मग त्यातनं काय उरलं तर बघू.

पांढरा_कोट

दादा, त्या कागदाची झेरॉक्स त्याच्या केसपेपरला लावा. आणि ज्याच्याकडं दाखवता त्या डॉक्टरला हातात द्या, टेबलावर ठेवू नका. टेबलावरचं हरवतं.

कृष्णाकाठची

डॉक्टर, तुमच्या टेबलावरचं पण?

पांढरा_कोट

ताई, आता पुरे.

गोठा_नंबर_१

वाईच्या दादा, काही उरलं तर सांगा. आमच्या मेव्हण्याकडं दुसऱ्या वेताची एक आहे, गाभण. शेळीवाल्यांचं ऐकू नका.